येताना दोन तास जास्त का?

प्रश्न : कामानिमित्त टोकियोहून लॉस एंजेलिसला जायचं आहे. अंतर दोन्ही बाजूंनी सुमारे ८,८०० किलोमीटर. मग जायला दहा तास आणि यायला जवळजवळ बारा, असं का? पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे परतताना टोकियोच आपल्याकडे सरकत यायला हवं ना?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. विमानांचे मार्ग आखण्याच्या नोकरीत असताना लोक मला तो हमखास विचारत. धावपट्टीवर उभं असलेलं विमान पृथ्वीबरोबर फिरतच असतं आणि भोवतालची हवाही. उडालं म्हणून तो वेग जात नाही. चालत्या गाडीत वर फेकलेला चेंडू हातातच पडतो, तसंच. त्यामुळे टोकियो काही तुमच्याकडे सरकत येणार नाही.

खरा फरक वाऱ्याचा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान झोत वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडचा भाग यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. म्हणजे पृथ्वीचं फिरणं कामी येतं, पण असं आडवळणानं! हिवाळ्यात जपानवर हा झोत ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. तो मोजलाही जपानमध्येच, हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, १९२०च्या दशकात, फुगे सोडून. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, आणि अर्थातच जगाने तो वाचला नाही.

आता हिशेब. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. वाटभर सरासरी १०० चा वारा पाठीशी असेल तर पावणेनऊ-नऊ तास, समोरून असेल तर अकरा. वर चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगणं हे वेगळं. म्हणून परतीचं विमान बरेचदा आणखी उत्तरेकडून, अलास्काच्या बाजूने नेतात. वाट लांबते, पण वारा चुकतो.

कधी वाराही नाही, सरहद्द आडवी येते. हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि तेच तेरा तासांवर गेलं. शहरं होती तिथेच आहेत. म्हणून नुसते किलोमीटर पाहून कुणी वेळ सांगितली की मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

तिकिटावरच्या वेळा मात्र जपून वाचा. त्या त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालात तर लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी दहाच्या सुमारास उतराल, निघण्याच्या आधीच! परतताना सकाळी अकराला निघालात तर पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे चार. त्या संध्याकाळी बैठक ठेवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत तर नकोच.