गरोदरपणात दिवसभर मॉनिटरसमोर बसल्याने बाळाला काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला चौथा महिना लागलाय, ती घरूनच दोन मॉनिटर लावून आठ-नऊ तास काम करते, आई म्हणतात की 'त्यातून किरणं येतात, पोटाला बाधतात', आणि म्हणून तुम्ही ऑनलाइन 'रेडिएशन फिल्टर' आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा बघताय. दोन्ही घेऊ नका. तेवढ्या पैशात पाय ठेवायला स्टूल आणि मॉनिटरखाली स्टँड येईल.

मी डॉक्टर नाही, मॉनिटर दुरुस्त करतो, तेही पिक्चर ट्यूबच्या काळापासून. म्हणून आधी किरणांचं बोलतो. आईंची भीती अगदीच हवेतून आलेली नाही.

जुन्या खोकेवजा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या आतल्या बाजूवर आदळायचा. रंगीत ट्यूबला त्यासाठी साधारण २५ हजार व्होल्ट लागत. एवढ्या जोराने आलेले इलेक्ट्रॉन अडले की थोडे क्ष-किरण तयार होणारच. ते बाहेर येऊ नयेत म्हणून ट्यूबच्या काचेत शिसं, बेरियम, स्ट्रॉन्शियम असे जड पदार्थ घालत. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या रंगीत टीव्हींमधून मर्यादेबाहेर क्ष-किरण येत असल्याचं उघड झालं. दोष पिक्चर ट्यूबचा नव्हता, व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या आतल्या एका छोट्या काचेच्या नळीचा, व्हॉल्व्हचा होता, पण लोकांच्या डोक्यात 'पडदा म्हणजे किरणं' हे पक्कं बसलं ते बसलंच. १९६८ मध्ये तिथे त्यावर कायदाही झाला.

गर्भपाताची भीती नंतरची, ऐंशीच्या दशकातली. ऑफिसांमध्ये संगणक आले आणि काही ठिकाणी गरोदर बायकांच्या तक्रारी एकत्र दिसू लागल्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ पडद्यासमोर बसणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. ते किरणांमुळे, कामाच्या ताणामुळे की आणखी कशामुळे, हे त्यातून ठरत नव्हतं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने टेलिफोन ऑपरेटर बायका निवडल्या. काम जवळपास सारखंच, पण एका गटासमोर पिक्चर ट्यूबचा पडदा आणि दुसऱ्या गटासमोर तो नाही. गर्भपाताच्या प्रमाणात फरक निघाला नाही. मला हा अभ्यास पटतो तो याच कारणासाठी, ताण दोन्हीकडे सारखाच होता.

तोवर स्वीडनने चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांच्या कडक मर्यादा घालून दिल्या होत्या. जुन्या मॉनिटरवर 'टीसीओ'चा स्टिकर पाहिला असेल, तो तिथल्या कर्मचारी संघटनेचा. आपल्याकडे मात्र त्या काळी पडद्यापुढे अडकवायची काळसर काच जोरात खपली. तिला अर्थिंगसाठी एक तार असायची आणि ती बहुतेक ठिकाणी नुसतीच लोंबकळत असायची.

तुमच्या घरातल्या चपट्या एलसीडी मॉनिटरमध्ये यातलं काही नाही. ना ट्यूब, ना इलेक्ट्रॉनचा झोत, ना २५ हजार व्होल्ट. मागे एलईडीच्या पट्ट्या, पुढे पॅनेल. क्ष-किरण निर्माणच होत नाहीत, मग फिल्टर अडवणार काय? तो फक्त चित्र मंद करेल आणि ती वाकून बघायला लागेल.

निळ्या चष्म्याचंही तेच. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाउजेडाच्या मानाने किरकोळ असतो. २०२३ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांपेक्षा या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही हाती लागलं नाही. रात्री उशिरापर्यंत लख्ख पडद्यासमोर बसलं तर झोप लांबू शकते हे खरं, पण त्यावर उपाय पडदा बंद करणं हाच.

डोळे चुरचुरतात ते पापण्या लवत नाहीत म्हणून. एका जपानी अभ्यासात निवांत बसलेली माणसं मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्याकडे बघताना ७ वेळा पापण्या लववत होती. गरोदरपणात डोळे आधीच कोरडे पडू शकतात, त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर बघायलाच नको. एसीची दिशा बदला. मॉनिटर हातभर लांब आणि वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवा, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात. दोन मॉनिटर असले की लोक मधली फट समोर ठेवतात आणि दिवसभर मान एकीकडे वळवून बसतात. जो जास्त लागतो तो सरळ समोर घ्या, दुसरा बाजूला. खिडकी पाठीमागे नको, पडद्यात तिचंच प्रतिबिंब दिसत राहतं. ब्राइटनेस खोलीच्या उजेडाइतकाच असू द्या.

बाळंतपणाच्या दृष्टीने मला काळजी वाटते ती मॉनिटरची नाही, एका जागी बसून राहण्याची. पाय सुजतात, कंबर धरते. शरीरात पाणी साठल्याने मनगटातली नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येणं गरोदरपणात नेहमीचंच आहे आणि दिवसभराच्या माउसने ते वाढू शकतं. अर्ध्या-पाऊण तासाने उठायला सांगा, पाणी आणायला का होईना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाचव्या महिन्यानंतर कधी अचानक धूसर दिसू लागलं, डोळ्यांसमोर ठिपके किंवा चमका आल्या, जोराचं डोकं दुखलं, चेहरा-हात सुजले, तर 'स्क्रीनमुळे असेल' म्हणून झोपून राहू देऊ नका. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची ही लक्षणं असू शकतात आणि ते आई-बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठून रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. नंबर बदलल्यासारखा वाटला तर तेही आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. या दिवसांत नंबर थोडा हलू शकतो आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा जागेवर येतो, त्यामुळे नव्या चष्म्याची घाई करू नका.