धुराची गाडी आली नाही म्हणून डेंग्यू झाला का?

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीतली पत्रं वाढतात. यावेळची तिन्ही ठाणे-नवी मुंबईतलीच आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही घणसोलीला राहतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये तीन घरांत डेंग्यू झाला. धुराची गाडी वेळेवर येत नाही म्हणून ग्रुपवर सगळे नुसते पालिकेवर तोंडसुख घेतात. यंदा वर्गणी काढून प्रायव्हेट माणसाकडून दर आठवड्याला धूर मारून घ्यायचं ठरतंय. द्यावी का वर्गणी?

उत्तर : मी असते तर दिली नसती. म्हणजे धुराला माझा विरोध नाही, एखाद्या बिल्डिंगमध्ये पेशंट सापडले की आजूबाजूचे उडते डास लगेच मारायला धूर लागतोच, पण तो मारतो फक्त उडते डास, आणि तेही धूर पोचेल तिथलेच. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस, तो गटारीत वाढत नाही, त्याला साधं स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. आणि बसतो कुठे, तर तुमच्याच घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात लटकवलेल्या कपड्यांत. गाडीचा आवाज आला की आपण खिडक्या धडाधड लावून घेतो, मग धूर जातो बाहेरच्या बाहेर आणि डास आत आरामात. शिवाय हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे तुम्हाला चावलेला डास बहुतेक तुमच्याच बिल्डिंगमध्ये नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमध्ये जन्मलेला असतो, याबद्दल पालिकेला किती बोलणार?

वर्गणीच्या जागी रविवारची अर्धा तास माणसं मागा. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी काढून टाकलं की ती साखळी तुटते, कोरडा दिवस पाळायचा तो याचसाठी. बघायचं कुठे? फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, बर्फ वितळून त्यात पाणी जमतं, कित्येक घरांत तो ट्रे आहे हेच माहीत नसतं. एकदा टॉर्च मारून बघा, उजेड पडला की आळ्या वळवळत तळाशी जातात. मनी प्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या पाण्याखाली लावलेली बादली, गच्चीवरच्या ताडपत्रीची घडी, झाकण फुटलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, पार्किंगमधले ‘असू दे, लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेले टायर. आणि पाणी नुसतं ओतून देऊ नका, भांडं आतून घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात, पुढच्या वेळी पाणी भरलं की परत सुरू. पोरांना टॉर्च देऊन सोबत घ्या, ती घरोघर फिरून काका-काकूंना बरोबर कामाला लावतात, कमिटीच्या नोटिशीला कोण विचारतं!

शेजारी रीडेव्हलपमेंट चालू असेल तर तिकडेही नजर ठेवा. स्लॅबवर साठवलेलं पाणी, उघडे हौद, यात एडिस होतोच आणि मलेरियाचा शहरी डासही होतो. तिथे मात्र बिल्डरला आणि पालिकेच्या मलेरिया विभागाला लेखी कळवा. हे काम त्यांचंच आहे, इथे भांडा बिनधास्त.

आणि एक गोष्ट ग्रुपवर पिन करून ठेवा : ताप उतरला म्हणजे डेंग्यू बरा झाला असं नाही. तिसऱ्या दिवसापासून पुढे, ताप उतरायला लागतो तेव्हाच जास्त सांभाळायचं असतं. पोटात खूप दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून-नाकातून रक्त, पेशंट एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं की सरळ हॉस्पिटल. तापाला पॅरासिटामॉलच, तेही प्रमाणात. ब्रुफेन, ॲस्पिरिन, मेडिकलवाल्याने दिलेली ‘स्ट्राँग’ गोळी अजिबात नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

प्रश्न : मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळ राहते, आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. मागच्या वर्षी बीपी-शुगरचं शिबिर ठेवलं, गर्दी झाली, फोटो झाले, आणि पुढे काहीच नाही. रिपोर्टची फाईल मंडळाच्या कपाटात पडलीय. यंदा परत करायचं का? आणि कामाला येणाऱ्या मावशींना बोलवू नका असं काही जणींचं म्हणणं आहे.

उत्तर : करा, पण वेळ बदला आणि ती फाईल कपाटाबाहेर काढा. तुमचं शिबिर संध्याकाळी होतं का? वडापाव-चहा झाल्यावर बोट टोचून आलेल्या आकड्यावरून कुणाला शुगर आहे-नाही असं ठरवता येत नाही. सकाळी उपाशीपोटी घ्या. १२६ किंवा वर आली तरी त्यावर थांबू नका, लॅबमध्ये रक्त देऊन परत खात्री करायची. बीपीचं तर विचारूच नका, तीन जिने चढून आलेल्या बाईला धापा टाकत असताना पट्टा बांधला तर वाढलेलंच दिसणार. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हात टेबलावर, गप्पा बंद. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत राहिलं तर डॉक्टर.

आता खरं काम. शिबिराच्या आधीच जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या सिस्टरना आणि आशाताईंना भेटा. तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी, शुगर आणि तोंडाचा कॅन्सर, बायकांचा स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, फुकट. ज्यांचे आकडे वाढलेले आले त्यांची यादी करून, अर्थात त्यांना विचारूनच, प्रत्येकीच्या मागे मंडळातली एक जण लावा, ती केंद्रात गेली का, गोळी सुरू झाली का, दोन महिन्यांनी चालू आहे का. गोळी चालू झाली आणि आकडा नॉर्मल आला की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करणाऱ्या तर प्रत्येक मजल्यावर असतात. शिबिर छोटं ठेवा हवं तर, फोटो नाही निघाले तरी चालेल, पण ही पाठपुराव्याची वही बंद पडू देऊ नका.

आणि मावशींना नको म्हणणाऱ्यांना विचारा, त्यांच्याच हातचं आपण जेवतो ना? मावशी, वॉचमन, गाड्या धुणारी मुलं, सगळ्यांना बोलवा. नाईट करून सुटणाऱ्या वॉचमनला सकाळी सातची वेळ बरोबर जमते. मिश्री, गुटखा, तंबाखू असेल तर तोंड तपासायला सांगा. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा असेल तर दंतवैद्याकडे लगेच पाठवा, दुखत नाही म्हणून थांबू नका. मावशींना मात्र त्या सकाळी खाडा लावू नका म्हणजे झालं.

प्रश्न : मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, कळव्याहून रोज जातो. गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत येतो. लेप्टोची गोळी आधीच घेऊन ठेवली तर चालेल का?

उत्तर : घरात साठवून मनाने नको. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा तापाचा आजार. उंदीर, कुत्रे, गुरं यांचं मूत्र पाण्यात मिसळतं आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून जंतू आत जातो. पाण्यातून चालणं झालं की ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवायचं, ते बघून डॉक्सीसायक्लिन देतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांना वेगळं औषध असतं, म्हणून मुलाच्या पट्टीतली गोळी घरात वाटू नका. घरी आल्या आल्या साबणाने पाय धुवायचे, जखम असेल तर बाहेर पडताना वॉटरप्रूफ पट्टी आणि गमबूट. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, असं झालं तर ‘पाण्यात गेलो होतो’ हे डॉक्टरांना त्याने स्वतःहून सांगायचं, ते विचारतील म्हणून वाट बघायची नाही.