उघड्यावरच्या कामाला प्लाय घेताना

कोकणात टेम्पोच्या हौद्याची फळी किंवा अंगणातला मंच प्लायवूडचा करणार असाल, तर दुकानदाराचा ‘वॉटरप्रूफ आहे’ हा शब्द पुरेसा मानू नका. शिक्का बघा. आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) म्हणजे मरीन प्लाय. त्याचा चिकटा फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि तो ७२ तास उकळत्या पाण्यात तपासतात. पण ही परीक्षा चिकट्याची झाली. कुजतं ते लाकूड, आणि बुरशीला ओल हवी असते. लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल सतत राहिली की तिचं काम सुरू होतं. म्हणून लाकडात बुरशी रोखणारं औषध दाबाखाली मुरवलेलं आहे का, हे वेगळं विचारा. वरून ब्रशने मारलेलं औषध पृष्ठभागापुरतंच राहतं.

आणि कडा! मी नव्या मुलांना हेच परत परत सांगतो. करवत लावली, भोक पाडलं, की आतलं कोरं लाकूड उघडं पडू शकतं. तिथे त्याच दिवशी औषध लावा, वाळू द्या, मग इपॉक्सीने कड बंद करा. बोल्टची भोकंसुद्धा सोडू नका.

तांब्याचे क्षार असलेल्या औषधाने साधे खिळे लवकर गंजतात. स्टेनलेस किंवा हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) वापरा. फळीला थोडा उतार द्या, खालून वारा खेळू द्या, मातीला टेकवू नका. औषध मुरवलेले तुकडे चुलीत मात्र कधीच घालू नका, काही औषधांत आर्सेनिक असतं.