कोळशाच्या अनुदानावर निवृत्तीची पुंजी लावावी का?

आपण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालात, ग्रॅच्युइटीचे १२ लाख रुपये हाती आले आहेत, आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी, म्हणजे कोळशाचे रूपांतर जळणाऱ्या वायूत करण्यासाठी, ८,५०० कोटींची योजना मंजूर केल्यामुळे ही सगळी रक्कम या क्षेत्रातल्या दोन कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावी का, असे विचारले आहे. दोन वर्षांनी मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी यांतलेच ८ लाख लागणार, हे आपण पत्राच्या अगदी शेवटी लिहिले आहे. माझा विचार मात्र तिथूनच सुरू होतो. हे ८ लाख बँकेच्या मुदत ठेवीतच राहावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उरलेल्या चार लाखांचा विचार करताना अनुदान कशासाठी असते, हे पाहावे. जे काम बाजाराच्या हिशेबात अजून परवडत नाही, त्याचा खर्च अंशतः उचलण्यासाठी सरकार पैसे देते. नफ्याची हमी त्यात नसते. अमेरिकेत मिसिसिपीतल्या केम्पर या कोळशाच्या वायूकरणावर आधारलेल्या वीज प्रकल्पाला ऊर्जा खात्याचे मोठे साहाय्य होते, तरीही त्याचा खर्च सुमारे साडेसात अब्ज डॉलरवर गेला, २०१७ मध्ये वायूकरण सोडून द्यावे लागले आणि अब्जावधी डॉलरचा तोटा मूळ कंपनीच्या भागधारकांनी सोसला. कोळसा स्वच्छ वापरण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणे. तसे करणाऱ्या टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा या संयंत्राला १९ कोटी डॉलरचे अनुदान मिळाले होते. तिथे पकडलेला कार्बन डायऑक्साइड जुन्या विहिरींतून जास्त तेल काढण्यासाठी वापरत, त्यामुळे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच संयंत्र बंद पडले आणि २०२३ पर्यंत बंदच राहिले.

आपल्याकडे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या विंध्याचल केंद्रात रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारे संयंत्र २०२२ मध्ये उभे राहिले. अशा केंद्राच्या धुराड्यातून रोज हजारो टन वायू बाहेर पडतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हे संशोधन व्हायलाच हवे, असे मला मनापासून वाटते, पण त्याचा लाभ ताळेबंदात कधी दिसेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. शिवाय मोठ्या वीज कंपनीच्या एकूण उलाढालीत असा प्रकल्प नगण्य असतो.

म्हणून चार लाखांपैकी फार तर ५० हजार रुपये, तेही पाच-सात वर्षे हात लावणार नसाल तरच, या शेअरमध्ये घाला. उरलेले साडेतीन लाख घरखर्चाची आणि आजारपणाची तजवीज म्हणून ठेवावेत.