मृत्युपत्र केलं की घर फुटतं का?

"मॅडम, कागद केला की मुलं मोजायला लागतात." नाशिकमध्ये साठी ओलांडलेल्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकते, की आज त्यावर लिहितेच.

एक काका काकूंना घेऊन माझ्याकडे सल्ल्याला यायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दिंडोरीकडे वडिलोपार्जित द्राक्षबाग, गंगापूर रोडला स्वकमाईचा फ्लॅट. मुलगा बाग बघतो, मुलगी पुण्यात नोकरी करते. बाग निम्मी-निम्मी केली तर छाटणी-फवारणीत राबलेल्या मुलावर अन्याय, नाही केली तर लेकीवर. दर भेटीत काका हाच हिशोब नव्याने मांडत. काकू पर्स मांडीवर धरून गप्प.

हिशोब सुटत नसला, की गाठ नात्यात असते, असं मी मानते. म्हणून एकदा विचारलं, "काका, तुमच्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला कोण कुठे असेल?"

"मुलगा बागेवर. लेक भाऊबिजेला येईल."

"आणि काकू?"

"ही असेल की मुलाकडे."

"मला विचारलंय का कुणी?" काकू पहिल्यांदाच बोलल्या. "मी माझ्या घरात राहणार. ओटासुद्धा माझ्या उंचीचा करून घेतलाय मी."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन मुलांमध्ये तराजू धरून बसलेल्या माणसाला शेजारी बसलेली बायको दिसलीच नव्हती! आधी मागे राहणाऱ्या जोडीदाराचं छप्पर, मग वाटे, हा क्रम मी सगळ्यांनाच सुचवते. तो लावला की माणसं शांत होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पुढे वकिलांकडे आणखी एक गोष्ट उलगडली. बाग एकत्र कुटुंबाची, त्यामुळे काका फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकत होते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून अशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ज्या वाटणीपायी झोप उडाली होती, ती बरीचशी त्यांच्या हातात नव्हतीच. त्यांनी फ्लॅट काकूंच्या नावे लिहिला, बागेतला आपला हिस्सा मुलाला दिला आणि का दिला तेही लिहिलं. मग दोन्ही मुलांना बसवून मसुदा वाचून दाखवला. कारण वडिलांच्या तोंडून ऐकलेलं असलं, की मागाहून संशयाला जागा कमी राहते.

"नॉमिनी लावलाय, मग कशाला?" असंही बरेच जण म्हणतात. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण सहसा तेवढ्याने मालक होत नाही. मृत्युपत्रच नसेल, तर हिंदू पुरुषाच्या मिळकतीत पत्नी, मुलं आणि हयात असल्यास आई यांना सारखा वाटा जातो. म्हणजे काकूंचा ओटाही वाटणीत आला असता.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते शक्यतो तुमच्याहून तरुण असावेत आणि त्यांना त्यातून काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. वय जास्त असेल, तर शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवीन करता येतं. शेवटचं असेल ते चालतं.

वाचन झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, माझा हिस्साही दादाला सोडते, हक्कसोडपत्र करूया." मी तिला थांबायला सांगितलं. ते नोंदणीचं, वेगळं कागदपत्र असतं. भरल्या डोळ्यांनी, भाऊबिजेच्या मायेत किंवा दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत त्यावर सही करू नये. चार महिने जाऊ दे, म्हटलं. तेव्हाही हेच वाटलं, तर खुशाल कर.