वाचक विचारतात: नळीतली गाडी, आभाळातला दोर आणि मिठाची बॅटरी

प्रश्न : पुणे-मुंबई हायपरलूपची २०१८ साली केवढी चर्चा होती! २५ मिनिटांत पोहोचवणार होते. घोडं नेमकं कुठे अडलं? (एक वाचक, चिंचवड)

पैसा हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. ज्या व्हर्जिन हायपरलूपबरोबर राज्याचा करार झाला, ती कंपनी २०२३च्या अखेरीस बंदच पडली. पण तो पैसा कुठल्या कामात जिरतो ते बघितलं की कोडं सुटतं.

हायपरलूप म्हणजे बंद नळीतून धावणारी गाडी. नळीतल्या हवेचा दाब बाहेरच्या हजाराव्या भागावर आणला की गाडीला हवेचा अडथळा जवळजवळ उरत नाही, आणि चुंबकाने गाडी उचलली की चाकांचं घर्षणही गेलं. गाडी धावते, यात वाद नाही. नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरच्या नळीत नोव्हेंबर २०२०मध्ये दोन माणसं ताशी १७२ किमी वेगाने जाऊन आली. दमछाक होते ती नळीची.

तीन मीटर व्यासाची, २५ मिमी जाड पोलादी नळी धरू. पोलाद एका अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे १२ हजारांश) वाढतं. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे किलोमीटरला ४८ सेंमी, १०० किलोमीटरला ४८ मीटर! ही वाढ टोकाला मोकळी सोडली तर स्टेशनच सरकवावं लागेल. रेल्वे सलग जोडलेला रूळ स्लीपर आणि खडीत जखडून ठेवते, तशी नळी जखडली तर तिच्यात सुमारे २,३०० टनांचा रेटा साठतो आणि जिथे वळण तिथे तो खांबांना बाहेर ढकलतो. मधेमधे सरकते सांधे दिले तर प्रत्येक सांध्याला हवाबंद सील आलं. ते रोज घासणार, आणि एक सुटलं तरी हवा काढणाऱ्या पंपांना उसंत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडात ब्रुनेल या इंजिनिअरने १८४७ साली एक्झेटरच्या बाजूला निर्वात नळीच्या ओढीवर रेल्वे चालवली. नळीच्या वरच्या फटीवर चामड्याची पट्टी झाकण म्हणून होती. चामडं वाळून ताठरलं, हवा शिरायला लागली आणि सप्टेंबर १८४८मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

शिवाय आपल्याकडे बोरघाट आडवा. ताशी १,००० किमी वेगात प्रवाशाला आडवा झोक गुरुत्वाच्या दहाव्या हिश्शाइतकाच बसू द्यायचा, तर वळणाची त्रिज्या ७८ किलोमीटरच्या पुढे लागते. गाडी तिरकी करून चौपट झोक पचवला तरी २० किलोमीटर. पुणे-मुंबई अंतरच १५० किमी, म्हणजे वळायला जागाच नाही. सरळ बोगदा खणा, नाहीतर वेग कमी करा. वेग कमी केला की निर्वात नळीचा खटाटोप कशाला? आयआयटी मद्रासने सुमारे ४०० मीटरची चाचणी नळी उभारली आहे. सांधे आणि सील तिथे वर्षानुवर्षं तपासली जावीत, हेच तिचं खरं काम. वेगाच्या विक्रमाला ४०० मीटर पुरतही नाहीत.

प्रश्न : अवकाशात जाणारी लिफ्ट २०५०पर्यंत होईल का?

ओबायाशी या जपानी बांधकाम कंपनीने २०१२ साली ही तारीख दिली होती, जमिनीपासून अवकाशात ताणलेला ९६,००० किमी लांब दोर गृहीत धरून. सगळं त्या दोरावर अडतं. टांगलेला दोर किती लांबीला स्वतःच्याच वजनाने तुटतो, एवढं विचारा. उत्तम पोलादी तार २५ किलोमीटरच्या आसपास, बुलेटप्रूफ जाकिटातला केव्हलार धागा २५० किलोमीटर. एकसारख्या जाडीच्या दोराला इथे सुमारे ४,९६० किलोमीटरची ताकद हवी. दोर भूस्थिर कक्षेपाशी (जिथला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि एकाच जागी दिसतो) जाड आणि टोकांना निमुळता केला तर ही अट सैल होते, पण पोलादाला तेवढी सवलत पुरत नाही. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी, कागदावर पुरते. मात्र प्रयोगशाळेत एक सलग नळी वाढवून वाढवून अर्धा मीटर झाली आहे. अशा आखूड धाग्यांचा दोर वळला की ताकद धाग्याची उरत नाही, दोन धाग्यांमधल्या पकडीची उरते. २०५० विसरा.

प्रश्न : स्वतःच्या भेगा बुजवणारं काँक्रीट निघालंय म्हणे. आमच्या २५ वर्षांच्या गच्चीच्या स्लॅबवर ते बॅक्टेरिया पसरता येतील का? (एक वाचक, सांगली)

ते मुळात ओतण्याआधी मिसळायचं काम आहे. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्येच घातलं. भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार होते. ०.८ मिमीपर्यंतच्या भेगा अशा बुजल्या आहेत. जुन्या भेगेत असा द्राव सोडता येतो, पण ती भेग स्थिर हवी. गच्चीची भेग बहुधा उन्हाबरोबर उघडझाप करते. सकाळी बसलेली चुनखडी दुपारी तडकणार.

म्हणून आधी भेग ओळखा. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टी लावा, वर तारीख लिहा. अशा तीन-चार लावा आणि रोज एकाच वेळी बघा. दोन ऋतू गेले तरी पट्टी शाबूत, तर भेग मेलेली, म्हणजे स्थिर. तिथे कमी दाबाने पातळ इपॉक्सी भरा. भेग ओली असताना मात्र नको, साधं इपॉक्सी ओल्या कडेला धरत नाही. पट्टी तडकली तर भेगेवर १० मिमी खाच मारा, ब्रशने धूळ काढा आणि लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिमेंट भरू नका. पुढच्या पावसाळ्यात बाजूला नवी भेग दिसेल.

खालून, म्हणजे छताला, सळईच्या रेषेत भेग आणि तांबूस डाग दिसत असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत ऐवजी बद्द आवाज आला की सळईवरचं काँक्रीटचं आवरण सुटलंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे सळई मागूनही मोकळी होईपर्यंत तासावं लागतं. अर्धी मोकळी करून रंग फासला तर गंज मागच्या बाजूने चालूच राहतो. मोठ्या भागात बद्द आवाज असेल तर आधी खालून टेकू द्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नका.

प्रश्न : सोडियमचे सेल ऑनलाइन मिळायला लागलेत. घरच्या १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला लावू का?

'मिठाची बॅटरी' या नावावर जाऊ नका, आत खायचं मीठ नसतं. खरी गंमत तिच्या आतल्या, वीज गोळा करणाऱ्या पत्र्यात आहे. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करून बसतो, म्हणून ऋण बाजूला महाग तांबं लागतं. सोडियम तसं करत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३मध्ये आपलं सोडियम तंत्रज्ञान जाहीर केलं.

तुमची अडचण व्होल्टची आहे. बाजारातला नेहमीचा सोडियम सेल ४.० व्होल्टला भरतो आणि १.५ला रिकामा होतो, सरासरी ३.१. तीन सेल ओळीत लावले तर १४.४ व्होल्टचा चार्जर प्रत्येकावर ४.८ व्होल्ट चढवेल, म्हणजे धोका. पाच लावले तर ते धड भरणारच नाहीत. चार लावायचे. तरी १४.४ला प्रत्येक सेल ३.६वरच थांबतो, आणि इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद होतो तेव्हा सेलमध्ये २.६ शिल्लक असतात. वरचा आणि खालचा काही हिस्सा पडून राहतो. लेबलवरच्या आकड्याइतका बॅकअप मिळणार नाही, हे धरूनच चला.

जोडण्याआधी चारही सेल मल्टिमीटरने मोजा. ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी एकेक चार्ज करून सारखे करा, मगच ओळीत घ्या. बीएमएस, म्हणजे सेलचा व्होल्टेज सांभाळणारा सर्किट बोर्ड, सोडियमचाच मागा. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा बीएमएस ३.६५ व्होल्टला चार्जिंग तोडतो, मग पुढे चांगला चार्जर आणलात तरी फायदा नाही. ६०० वॉटच्या लोडला १०.५ व्होल्टवर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून, जवळपास ६७ अँपिअर जातात. वायर २५ चौरस मिमीची, जमेल तितकी आखूड, आणि बॅटरीच्या अधिक टोकालाच १०० अँपिअरचा फ्यूज. वायरच्या टोकाचं थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, पक्कडीने चेपू नका. पूर्ण लोडवर दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि मग सांधा बोटाने चाचपा. हात ठेववत नसेल तर तो पुन्हा करा.