टाके ओले असताना पोट साफ होत नाही तेव्हा

ताई, ऑपरेशननंतर पोट साफ होत नाही म्हणून घाबरू नका. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर चार दिवस काहीच हललं नव्हतं. दोष बहुतेक वेळा भुलीचा आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा. त्यांनी आतडी सुस्तावतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना शौच मऊ करणाऱ्या लॅक्टुलोजच्या सिरपबद्दल विचारा. इसबगोल घ्यायचा तर त्यांना विचारून, आणि पाणी भरपूर. नाहीतर तो आतच गच्च बसतो. (सासूबाई एरंडेल घेऊन उभ्या होत्या, मी हातच जोडले!) कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, पोटावरच्या टाक्यांवर उशी दाबून धरा, कुंथू नका. घरातल्या घरात फेऱ्या मारत राहा. पोट फुगलं, उलट्या झाल्या, वाराही सरेना, तर काढे-बिढे नकोत, लगेच दवाखान्यात फोन करा.